सामाईक फळ्याची हद्द : जावाच्या वेब-ॲप्लिकेशनने ‘सगळ्यांची’ माहिती ठेवली कुठे?

१/२०
१९९० च्या दशकातले एखादे संकेतस्थळ डोळ्यांसमोर आणा. पानाच्या तळाशी एक छोटासा आकडा असे : आजवर इतक्या लोकांनी येथे भेट दिली. पाहणाऱ्याला ती शोभेची गोष्ट वाटे. तो आकडा बरोबर राखणे मात्र प्रोग्रॅमरच्या दृष्टीने जिकिरीचे काम होते. पान पुण्याहून उघडले काय किंवा टोकियोहून, आकडा एकच हवा. दोघांनी एकाच क्षणी उघडले, तरी दोन्ही भेटी मोजल्या जायला हव्यात. म्हणजे तो आकडा कोणा एका भेटीचा नाही, साऱ्या ॲप्लिकेशनचा आहे. मग तो ठेवायचा कुठे? जावाच्या जगाने या प्रश्नाचे उत्तर कसे शोधले, त्याचा हा इतिहास.

२/२०
आरंभ वेबच्या जन्मापासून करावा लागतो. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये आपला प्रस्ताव मांडला आणि १९९० च्या अखेरीस पहिला वेब-सर्व्हर चालू केला. एचटीटीपी हा संवादाचा नियम मुद्दाम साधा ठेवण्यात आला होता : मागणी यावी, उत्तर जावे, संबंध संपावा. त्याच वाचकाची पुढची मागणी आली, तरी सर्व्हरच्या लेखी ती अनोळखीच. कागदपत्रे वाटण्याच्या कामी हा विसराळूपणा वरदान ठरला. ज्याला काही लक्षात ठेवायचे नसते, त्याच्यावर भारही कमी पडतो. पण वेबवर दुकाने मांडायची, खाती उघडायची, मोजदाद करायची, असे बेत होऊ लागले, तेव्हा स्मृतीवाचून चालेना.

३/२०
पहिला उपाय अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या केंद्रातून आला. १९९३ मध्ये तेथे ‘कॉमन गेटवे इंटरफेस’, म्हणजेच सीजीआय ही पद्धत आकाराला आली. मागणी येताच सर्व्हर एक स्वतंत्र प्रोग्रॅम सुरू करी; तो उत्तर तयार करी आणि संपून जाई. पर्ल भाषेतले असे असंख्य प्रोग्रॅम त्या काळी लिहिले गेले. यात एक अडचण दडलेली होती. प्रत्येक मागणीसाठी नवी प्रोसेस जन्माला येई आणि काम होताच मरे. तिच्यासोबत तिची सारी स्मृतीही जाई. पहिल्या भेटीच्या प्रोसेसने मोजलेला आकडा दुसऱ्या भेटीच्या प्रोसेसला ठाऊक असण्याचे काही कारणच नव्हते.

४/२०
म्हणून आकडा फाइलमध्ये लिहिण्याची प्रथा पडली. फाइल उघडा, आकडा वाचा, एक मिळवा, परत लिहा. आता कल्पना करा : दोन वाचक एकाच क्षणी आले. दोन्ही प्रोसेसनी ४१ वाचले, दोघींनी ४२ लिहिले. दोन माणसे आली, मोजले गेले एकच. एक प्रोसेस फाइल रिकामी करून लिहिण्याच्या बेतात असताना दुसरीने ती वाचली, तर आकडा थेट शून्यावर येई. फाइलला कुलूप लावण्याची सोय होती. पण ती आठवणीने वापरावी लागे, आणि कुलूप म्हटले की मागच्यांना ताटकळणे आले. सामाईक वस्तू ठेवायला जागा मिळाली, तरी तिच्याभोवती शिस्त उभारावी लागते, हा पहिला धडा येथेच मिळाला.

५/२०
१९९४ मध्ये नेटस्केप कंपनीत लू मॉन्टुली यांनी कुकीची कल्पना वेबवर आणली. सर्व्हरने दिलेली एक लहानशी खूण ब्राउझरने जपून ठेवायची आणि पुढच्या मागणीसोबत परत पाठवायची. त्यामुळे सर्व्हरला वाचक ओळखू येऊ लागला. या खुणेच्या आधाराने पुढे ‘सेशन’ ही संकल्पना रुजली : एका वाचकाच्या एका भेटीपुरती स्मृती. परंतु कुकीने सोडवला तो ‘माझे’ काय, हा प्रश्न. खरेदीच्या टोपलीत मी काय ठेवले, हे तिच्यामुळे कळे. दुकानात एकूण किती माल शिल्लक आहे, हे कळत नसे. ‘सगळ्यांचे’ काय, हा प्रश्न तसाच उभा होता.

६/२०
२३ मे १९९५ रोजी सन मायक्रोसिस्टिम्सने जावा भाषा जगापुढे आणली. तेव्हा बोलबाला होता ब्राउझरमध्ये धावणाऱ्या ॲपलेटचा. पण जावाचे जनक जेम्स गॉसलिंग यांच्या मनात आरंभीच्या काळातच सर्व्हरवर चालणाऱ्या जावाचाही विचार होता. मे १९९६ मध्ये पहिल्या जावावन परिषदेत सर्व्हलेटची घोषणा झाली. सनमधील अभियंता पवनी दिवाणजी यांनी त्याची पहिली नियमावली घडवली आणि जून १९९७ मध्ये तिची १.० आवृत्ती निश्चित झाली. नावातच तिची ओळख आहे : ब्राउझरमध्ये छोटे ॲप्लिकेशन ते ॲपलेट, सर्व्हरमध्ये तशाच रीतीने राहणारे ते सर्व्हलेट.

७/२०
सर्व्हलेटचा खरा क्रांतिकारक गुण त्याच्या आयुष्यमानात होता. सीजीआयचा प्रोग्रॅम म्हणजे एका रात्रीचा पाहुणा. सर्व्हलेट मात्र घरचाच. सर्व्हर त्याचे एक ऑब्जेक्ट तयार करी, ‘इनिट’ या पद्धतीने ते सज्ज करी आणि मग येणारी प्रत्येक मागणी त्याच ऑब्जेक्टच्या ‘सर्व्हिस’ पद्धतीकडे सोपवी. मागण्या वेगवेगळ्या थ्रेडवर, म्हणजे एकाच प्रोसेसमध्ये समांतर चालणाऱ्या कामांच्या धाग्यांवर धावत. ऑब्जेक्ट मात्र एकच. त्यामुळे भेटींचा आकडा सर्व्हलेटच्या एखाद्या व्हेरिएबलमध्ये ठेवला, की तो पुढच्या मागणीलाही सापडे. जे काम फाइलशिवाय होत नव्हते, ते आता साध्या बेरजेने होऊ लागले.

८/२०
याच सोयीच्या पोटात एक जीवघेणी चूक लपली होती. सीजीआयच्या सवयीने लिहिणारा प्रोग्रॅमर वाचकाचे नाव किंवा खाते क्रमांकही त्याच सर्व्हलेटच्या व्हेरिएबलमध्ये ठेवून बसे. त्याच्या संगणकावर, तो एकटाच वापरत असताना, सारे सुरळीत चाले. प्रत्यक्षात दोन ग्राहक एकाच वेळी आले की पहिल्याचे नाव दुसरा पुसून टाकी, आणि पहिल्याच्या पडद्यावर दुसऱ्याचा तपशील उमटे. हा निव्वळ तांत्रिक दोष नाही. एका माणसाची खासगी माहिती परक्यासमोर उघडी पडते, आणि कोणी हल्ला केलेला नसतो. कोणती गोष्ट सगळ्यांची आणि कोणती एकाची, याची रेघ चुकीच्या जागी पडलेली असते, एवढेच.

९/२०
दुसरी अडचण वेगळी होती. खरे ॲप्लिकेशन एका सर्व्हलेटचे नसते. एक सर्व्हलेट मालाची यादी दाखवतो, दुसरा मागणी नोंदवतो, तिसरा हिशेब करतो. मालाचा साठा तिघांनाही दिसायला हवा. पण पहिल्याचे व्हेरिएबल दुसऱ्याला दिसत नाही. हे म्हणजे चाळीतल्या तीन बिऱ्हाडांसारखे झाले : प्रत्येक घरात आपापली वही, पण जिन्यापाशी सामाईक फळा नाही. नियमावलीत असा फळा नव्हता, तेव्हा प्रोग्रॅमर मंडळींनी आडवाटा शोधल्या. त्यांतल्या तीन विशेष प्रचलित होत्या : स्टॅटिक व्हेरिएबल, जावाची सिस्टिम प्रॉपर्टीजची यादी आणि ‘गेटसर्व्हलेट’ ही पद्धत. या तिन्ही वाटांचे दोष समजले, की पुढचा इतिहास आपोआप उलगडतो.

१०/२०
सिस्टिम प्रॉपर्टीज ही संपूर्ण जावा आभासी यंत्राची, म्हणजे जेव्हीएमची, एकच यादी. कार्यप्रणालीचे नाव, जावाची आवृत्ती, फाइलमार्गाचे चिन्ह अशा गोष्टी तिच्यात असतात. तिच्यात आपलीही नोंद घातली, की कोणताही सर्व्हलेट ती वाचू शके. तिचा दोषही याच मोकळेपणात होता. त्याच सर्व्हरवर नांदणारे दुसरे, पूर्णपणे परके ॲप्लिकेशनही ती नोंद वाचू शके आणि बदलूही शके. दोघांनी ‘काउंटर’ हे एकच नाव वापरले, तर एकाचा आकडा दुसऱ्याच्या हातून पुसला जाई. स्टॅटिक व्हेरिएबलचेही तसेच : त्याचा वर्ग सर्व्हरच्या सामाईक ग्रंथालयात असला, तर सर्व ॲप्लिकेशनांना ते एकच. फळा होता खरा. पण तो चाळीच्या जिन्यात लावलेला नव्हता, भर चौकात टांगलेला होता.

११/२०
‘गेटसर्व्हलेट’ची गोष्ट याहून रोचक आहे. ही पद्धत सर्व्हलेटकॉन्टेक्स्ट या इंटरफेसमध्येच होती. तिला नाव सांगायचे आणि दुसरे सर्व्हलेट प्रत्यक्ष हाती घ्यायचे. मग त्याच्या हव्या त्या पद्धती थेट बोलवायच्या. शेजाऱ्याकडे निरोप ठेवण्याऐवजी त्याच्या घरात शिरून कपाट उघडण्यासारखे हे होते. यातून दोन संकटे उद्भवत. सर्व्हर एखादे सर्व्हलेट निवृत्त करून नवे आणी, तेव्हा जुन्याला धरून बसलेला सोबती मृत ऑब्जेक्टशी बोलत राही. आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने पाहिले, तर एका सर्व्हलेटने दुसऱ्याच्या अंतरंगावर असा ताबा मिळवणे हे उघड धोक्याचे होते.

१२/२०
नोव्हेंबर १९९८ मध्ये सर्व्हलेटची २.१ आवृत्ती आली. या कामाची धुरा सनमधील जेम्स डंकन डेव्हिडसन यांच्याकडे होती. या आवृत्तीने ‘गेटसर्व्हलेट’ कालबाह्य ठरवले. पद्धत नावापुरती राहिली, पण बोलावले की ती ‘नल’, म्हणजे काहीच नाही, एवढेच उत्तर देई. जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून पाटी तशीच ठेवली. दार मात्र बुजवले. आणि त्याच वेळी खरा सामाईक फळा मिळाला. सर्व्हलेटकॉन्टेक्स्टमधून सर्व्हरने ठेवलेल्या नोंदी वाचता येत होत्याच. आता ‘सेटॲट्रिब्यूट’ने सर्व्हलेटलाही नोंद ठेवता येऊ लागली, ‘गेटॲट्रिब्यूट’ने ती सोबत्याला वाचता येऊ लागली आणि ‘रिमूव्हॲट्रिब्यूट’ने काढता येऊ लागली. संदेश स्पष्ट होता : माहिती वाटून घ्या, एकमेकांच्या घरात शिरू नका.

१३/२०
फळा आला की नावांची भांडणे येणारच. त्यावरही नियमावलीने तोड सुचवली. नोंदीचे नाव जावाच्या पॅकेजप्रमाणे ठेवावे, म्हणजे संस्थेचा पत्ता उलटा लिहून त्यापुढे आपले नाव जोडावे. ‘काउंटर’ एवढेच लिहिले तर गोंधळ. कुळासकट पूर्ण नाव लिहिले तर टक्कर होण्याचा संभव फारच कमी. ‘जावा’, ‘जावाएक्स’ आणि ‘सन’ यांनी सुरू होणारी नावे नियमावलीने स्वतःसाठी राखून ठेवली. वरवर पाहता ही किरकोळ शिष्टाचाराची बाब वाटते. पण सामाईक जागेत प्रत्येक वस्तूवर मालकाचे नाव असावे, हे तत्त्व तीत आहे.

१४/२०
तरीही एक प्रश्न उरलाच होता : फळा नेमका कोणाच्या जिन्यातला? ‘ॲप्लिकेशन’ कोठे सुरू होते आणि कोठे संपते, याची काटेकोर व्याख्या अजून झालेली नव्हती. ती ऑगस्ट १९९९ च्या २.२ आवृत्तीने केली. वेब-ॲप्लिकेशन हा एक स्वतंत्र गठ्ठा ठरला : ‘वॉर’ या प्रकारची एक फाइल, तिच्यात सर्व्हलेट, पाने, ग्रंथालये आणि ‘वेब डॉट एक्सएमएल’ हे विवरणपत्र. नियम असा झाला की प्रत्येक ॲप्लिकेशनला, प्रत्येक जेव्हीएममध्ये, एकच सर्व्हलेटकॉन्टेक्स्ट. त्याच वर्षी सनने आपला सर्व्हलेट सर्व्हर अपाचे संस्थेला दिला. डेव्हिडसन यांनी घडवलेला हा सर्व्हर म्हणजेच टॉमकॅट. कोणालाही विनामूल्य मिळणाऱ्या या सर्व्हरमुळे ही हद्द पुस्तकातून प्रत्यक्षात उतरली.

१५/२०
जेएसपी पानांत याच फळ्याला ‘ॲप्लिकेशन’ असे नाव मिळाले आणि चार व्याप्तींची उतरंड रूढ झाली : पान, मागणी, सेशन, ॲप्लिकेशन. जावा शिकणाऱ्या एका संपूर्ण पिढीने ती पाठ केली. ऑगस्ट २००१ च्या २.३ आवृत्तीने उरलेली उणीव भरून काढली. फळ्यावर पहिली नोंद कोणी आणि केव्हा करायची? तोवर त्यासाठी एखादे सर्व्हलेट आरंभीच चालू करण्याची युक्ती योजावी लागे. आता ‘लिसनर’ आले : ॲप्लिकेशन उभे राहताना एकदा आणि मावळताना एकदा सर्व्हर त्यांना हाक देई. डेटाबेसच्या जोडण्यांचा संच उघडणे, सर्वांना लागणाऱ्या याद्या वाचून ठेवणे आणि शेवटी सारे नीट आवरणे, ही कामे तेथे सोपवली जाऊ लागली.

१६/२०
हद्द आखली गेली, तरी गर्दीचा प्रश्न मिटलेला नव्हता. सीजीआयच्या फाइलमधला ४१ आणि ४२ चा घोळ आठवा. ‘एक मिळवा’ ही क्रिया जावातही तीन पावलांची असते : वाचणे, वाढवणे, लिहिणे. दोन थ्रेड मध्येच एकमेकांना छेदून गेले, की एक भेट हरवते. मायक्रोसॉफ्टच्या एएसपीमध्ये, १९९६ पासून, ‘ॲप्लिकेशन’ नावाच्या ऑब्जेक्टला ‘लॉक’ आणि ‘अनलॉक’ अशा पद्धतीच होत्या. सर्व्हलेटकॉन्टेक्स्टला तसे कुलूप दिलेले नव्हते. काळजी प्रोग्रॅमरने घ्यायची. ‘सिंगलथ्रेडमॉडेल’ नावाची एक सोय होती, पण ती फक्त त्या एका सर्व्हलेट-ऑब्जेक्टपुरते राखण करी. फळ्यावरच्या वस्तू आणि स्टॅटिक व्हेरिएबल उघडीच राहत. खोटी निर्धास्ती देणारी म्हणून २००३ च्या २.४ आवृत्तीत तीही कालबाह्य ठरली.

१७/२०
या बाबतीत दिलासा मिळाला तो भाषेच्या पातळीवर. २००४ मध्ये जावाची पाचवी आवृत्ती आली. तिच्यात दोन मोठ्या गोष्टी होत्या. एका थ्रेडने लिहिलेले दुसऱ्याला नेमके केव्हा दिसेल, याचे नियम सांगणारे जावाचे ‘मेमरी मॉडेल’ नव्याने मांडले गेले. आणि डग ली यांच्या पुढाकाराने घडलेले समांतर कामांसाठीचे ग्रंथालय भाषेत समाविष्ट झाले. ‘ॲटॉमिकइंटिजर’ने वाचणे, वाढवणे, लिहिणे ही तीन पावले एका अखंड कृतीत बांधली, ‘कॉन्करंटहॅशमॅप’मुळे अनेक थ्रेडना एकच कोश सुरक्षितपणे हाताळता येऊ लागला. फळ्यावर साधा आकडा लिहिण्याऐवजी असे जपणूक करणारे ऑब्जेक्ट टांगणे, हा तेव्हापासून शहाणपणाचा रिवाज झाला.

१८/२०
दरम्यान ॲप्लिकेशन एका यंत्रात मावेनासे झाले होते. चार यंत्रांवर तेच ॲप्लिकेशन चालवले, तर जिने चार आणि फळेही चार. पहिल्या फळ्यावर ५०० भेटी, दुसऱ्यावर ४८०. खरा आकडा कोणत्याच फळ्यावर नाही. नियमावलीने हे लपवले नव्हते. कॉन्टेक्स्टवरच्या नोंदी ज्या जेव्हीएममध्ये केल्या, त्यापुरत्याच राहतील. अनेक यंत्रांत वाटायची माहिती सेशनमध्ये, डेटाबेसमध्ये किंवा एंटरप्राइज जावाबीनमध्ये ठेवा, असे तिने बजावले होते. तरी अनेकांना हा नियम यंत्रे वाढल्यावरच उमगला. एका यंत्रावर वर्षानुवर्षे बिनचूक चाललेला प्रोग्रॅम दुसरे यंत्र जोडताच चुकू लागतो, आणि प्रोग्रॅमची एक ओळही बदललेली नसते.

१९/२०
मग सामाईक फळा ॲप्लिकेशनच्या बाहेर गेला. २००३ मध्ये ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी लाइव्हजर्नल या संकेतस्थळासाठी मेमकॅश्ड घडवले : अनेक यंत्रांची स्मृती एकत्र वापरू देणारी तात्पुरती कोठी. २००९ मध्ये साल्व्हातोरे सानफिलिप्पो यांचे रेडिस आले. गंमत अशी की मूळ प्रश्नाचे उत्तर पुन्हा ‘प्रोसेसच्या बाहेर ठेवा’ हेच निघाले. सीजीआयच्या काळातली फाइल गेली आणि तिच्या जागी वेगवान, शिस्तबद्ध सेवा आली. कॉन्टेक्स्ट मात्र निरुपयोगी झाला नाही. स्प्रिंग ही लोकप्रिय चौकट आपला मूळ ऑब्जेक्ट-संच आजही सर्व्हलेटकॉन्टेक्स्टवरच एक नोंद म्हणून टांगते. २००९ च्या जावा ईई ६ मध्ये तर ‘ॲप्लिकेशनस्कोप्ड’ एवढी खूण वर्गावर लावली, की उरलेले काम चौकट करू लागली.

२०/२०
‘गेटसर्व्हलेट’चे पुढे काय झाले? १९९८ पासून ‘नल’ देत बसलेली ती पद्धत २०२२ च्या जकार्ता सर्व्हलेट ६.० आवृत्तीत कायमची काढून टाकली गेली. सिंगलथ्रेडमॉडेलही तिच्यासोबत गेले. बुजलेल्या दारावरची पाटी उतरायला चोवीस वर्षे लागली. सामाईक जागा उघडणे एका ओळीचे काम आहे. ती चुकीची उघडली, तर मिटवायला पिढी जाते. तुमच्यापैकी जे आज पहिलेवहिले वेब-ॲप्लिकेशन लिहीत असतील, त्यांनी ‘सेटॲट्रिब्यूट’ लिहिण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. ही माहिती खरोखर सगळ्यांची आहे, की एका माणसाची? दोघांनी एकाच क्षणी हात घातला तर काय होईल? आणि उद्या यंत्रे दोन झाली, तर खरा आकडा कोणत्या फळ्यावरचा? या प्रश्नांची उत्तरे शोधताना आधीच्या प्रोग्रॅमरांनी केलेल्या चुका, हाच या इतिहासाचा मोठा भाग आहे.

मालिका समाप्त.